रील पावणेदोन लाखांनी पाहिलं, ब्लाऊज आले दोन

प्रश्न थोडक्यात असा: "परळला, हिंदमाताच्या कापड मार्केटपासून जवळ, चाळीच्या तळमजल्यावर माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दोन मशीन. मी, एक कारागीर आणि हूक-हातशिलाईला एक बाई. महिन्याला १३० ब्लाऊज निघू शकतात, येतात ९० च्या आसपास. मुलीने इन्स्टाग्राम काढून दिलं. ४,२०० फॉलोअर झाले, महाराणी गळ्याचं एक रील पावणेदोन लाख लोकांनी पाहिलं. ते बूस्ट करण्यात, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवण्यात, ६,००० रुपये गेले. एवढं करून त्यातून ब्लाऊज आले दोन. आता जाहिरातीची एक एजन्सी महिन्याला १५,००० मागते. द्यावेत का? की हे सगळं आमच्यासारख्यांसाठी नाहीच?"

ताई, आधी त्या पंधरा हजारांचं बोलू, कारण जीव तिथेच अडकलाय. नका देऊ. एजन्सी वाईट आहे म्हणून नव्हे, हिशोबात बसत नाही म्हणून. अस्तराचा ब्लाऊज तुम्ही ७५० ला शिवता असं धरू. अस्तर, दोरा, हूक, कारागिराची मजुरी, भाडं आणि वीज वजा केली की हातात अडीचशे-तीनशे उरत असतील. म्हणजे पन्नास-साठ जादा ब्लाऊज आले तर एजन्सीचे पैसे सुटणार, आणि तुमच्याकडे मुळात जागा आहे चाळीस ब्लाऊजची. सगळे चाळीस आले तरी तुम्ही तोट्यातच.

हा चाळीसचा आकडा मोठ्या अक्षरात लिहून मशीनसमोर लावा. तुम्हाला महिन्याला चाळीस ब्लाऊज हवेत, म्हणजे दिवसाला दीड. दिवसाला दीड ब्लाऊजसाठी पावणेदोन लाख माणसं कशाला लागतात? मी पंधरा वर्षं छोट्या दुकानदारांच्या जाहिरातीचं काम करतेय. सुरुवात केबलवाल्याच्या चॅनलवर खाली सरकणाऱ्या पट्टीपासून आणि पेपरात घालायच्या पत्रकांपासून केली. तेव्हा पेपरवाल्याला आपण सांगायचो, 'अमुक गल्ली ते तमुक सिग्नल, एवढ्याच घरांत टाक.' पत्रकं सुरतेला पाठवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. फोन हातात आल्यावर मात्र सगळ्यांनाच अख्खा देश गिऱ्हाईक वाटायला लागला.

तुमच्या त्या रीलखालच्या कमेंट एकदा नीट वाचा. 'प्राइस प्लीज', 'कुठे आहे', 'कुरिअर करता का' असंच असेल, आणि विचारणाऱ्या बायका सुरत, इंदूर, नागपूर कुठूनही. ब्लाऊज ही काही लोणच्याची बरणी नाही. माप द्यायला बाई तुमच्यासमोर उभी राहावी लागते, एकदा ट्रायलला यावं लागतं, मुंढ्यात दाटलं तर तिसऱ्यांदाही. मुंबईत तर बाई कुठल्या लाईनवर राहते त्यावर ती येणार की नाही ते ठरतं. मुलुंडची बाई सेंट्रलने थेट परळला उतरेल, पण मालाडच्या बाईला प्रभादेवीला उतरून पूल ओलांडायचा म्हटलं की ती मालाडमध्येच टेलर शोधते. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे चालत येणारी, टॅक्सीने किमान भाड्यात येणारी, किंवा कामाला त्याच बाजूला असलेली बाई. रुग्णालयांत, बँकांत आणि गिरण्यांच्या जागी झालेल्या ऑफिसांत परळला रोज हजारो बायका कामाला येतात. त्या राहायला डोंबिवलीला असतील, पण दुपारी दोन वाजता तुमच्यापासून दहा मिनिटांवर असतात.

सहा हजार कुठे गेले, तेही सांगते, म्हणजे मुलीवर राग धरणार नाही. पोस्टखालचं बूस्टचं बटण दाबलं की 'कोणाला दाखवू' असं विचारतात आणि 'ऑटोमॅटिक' हा पर्याय तयारच असतो. घाईत तोच राहतो. त्याचा अर्थ, तुमच्या सध्याच्या फॉलोअरसारखी दिसणारी माणसं शोधून त्यांना दाखव. आता तुमचे फॉलोअर आले कुठून? त्या गाजलेल्या रीलमुळे, देशभरातून. मग पैसे देऊन तुम्ही आणखी तशाच, देशभरातल्या बायकांना रील दाखवलं. पैसे बुडाले नाहीत ताई, ते सुरतेला गेले. म्हणून मी माझ्या दुकानदारांना सांगते, रील अचानक फार चाललं की खूश व्हा, पण त्याच्यावर पैसे लावू नका.

माझीही एक चूक ऐका. काही वर्षांपूर्वी पार्ल्याच्या एका काकूंचं हेच काम घेतलं होतं, हाच व्यवसाय. तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन, मी उत्साहात दिवाळीआधी तीन आठवडे जाहिरात चालवली. जाहिरात खरंच चालली. दोन मशीनच्या दुकानात दीड महिन्यात दुपटीने काम आलं आणि काकूंनी 'नाही' म्हणायचं सोडून सगळं घेतलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका मुलीची हळद दुपारी आणि आई सकाळी नऊला दुकानाच्या पायरीवर, ब्लाऊजला बाह्याच नाहीत. त्या महिन्यात गूगलवर एक-एक ताऱ्याचे पाच शेरे पडले आणि ते धुऊन निघायला दोन वर्षं गेली. काकू अजून भेटल्या की 'तुमच्या त्या फेसबुकामुळे' म्हणून ऐकवतात, आणि ऐकून घ्यावंच लागतं. शिवणाच्या धंद्यात जाहिरात सीझनला करायची नसते, मंदीला करायची असते, हे मी त्या पायरीवर शिकले.

आता करायचं काय ते क्रमाने सांगते. पहिलं काम सोशल मीडियावरचं नाहीच, ते गूगल मॅपवरचं. नवीन टॉवरमध्ये राहायला आलेली बाई इन्स्टाग्रामवर टेलर शोधत बसत नाही. ती फोनवर 'ब्लाऊज टेलर' टाइप करते आणि मॅपवर जवळचं जे दिसेल त्याला फोन लावते. तिथे तुमचं दुकान नसेल तर तुम्ही तिच्या लेखी नाहीच. गूगलवर दुकानाचं प्रोफाइल फुकट बनतं. पडताळणीसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आत मशीन, असं चालत चालत एकाच टप्प्यात शूट करायचं. पाटीवरचं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव अक्षरशः तेच ठेवा. नावात 'बेस्ट डिझायनर ब्लाऊज मुंबई' असलं काही कोंबू नका, त्याने प्रोफाइल बंद पडू शकतं. खऱ्या वेळा टाका, दुपारी दीड ते चार बंद असाल तर तेही. वर्णनात पहिल्या ओळीतच लिहा: 'हिंदमाता मार्केटपासून चालत सात मिनिटं.' ही ओळ तुमच्याकडची सगळ्यात महाग गोष्ट आहे. लोक साडी आणि कापड घ्यायला मुंबईभरातून हिंदमाताला येतात आणि पिशवी घेऊन टेलर शोधत घरी जातात. तुम्ही त्यांच्या घरी जायच्या वाटेवर बसला आहात, आणि ही गोष्ट तुमच्या इन्स्टाग्रामवर कुठेच लिहिलेली नाही.

गूगलवर शेरा मागायची वेळ ठरलेली असते. ब्लाऊज घालून बघितला, आरशात वळून पाठ बघितली, चेहरा खुलला, त्या क्षणी. 'ताई, दोन ओळी लिहाल का, परळचं नाव आणि काय शिवलं तेवढं लिहा.' काउंटरवर क्यूआर कोड चिकटवून ठेवा. शेऱ्याच्या बदल्यात सूट देऊ नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि पैसे देऊन आणलेले शेरे वाचताना लगेच कळतात. सगळ्या बायका एकाच सुरात बोलत असतात. वाईट शेरा पडला तर भांडू नका. 'तारीख चुकली ही आमची चूक. उरलेलं काम मोफत करून देऊ, या.' एवढंच. तो शेरा जिने लिहिला तिच्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या पन्नासजणींसाठी ते उत्तर असतं.

दुसरं व्हॉट्सअॅप. माझ्या हिशोबी तुमचं खरं दुकान हेच, इन्स्टाग्राम ही बाहेरची पाटी. साधं व्हॉट्सअॅप वापरत असाल तर व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या. २०१८ पासून आहे, पैसे पडत नाहीत. दुकानासाठी वेगळं सिम ठेवा, नाहीतर रात्री साडेअकराला 'झाला का हो ब्लाऊज?' आणि नणंदेचा वाढदिवस एकाच ठिकाणी येतो. त्यात कॅटलॉग आहे, त्यात आठ-दहाच गोष्टी टाका: साधा, अस्तराचा, कटोरी, प्रिन्सेस कट, पफ बाही, आरी वर्क, फॉल-पिको, अल्टर. प्रत्येकापुढे दर. आरी वर्कचा 'इतक्यापासून पुढे' चालेल, बाकीच्यांचा नेमका. 'किंमत इनबॉक्समध्ये' हा प्रकार मला मनापासून आवडत नाही. भाव लपवला की बाईला वाटतं, माझ्या साडीकडे बघून ठरवणार. चारजणी भाव बघून गेल्या तर गेल्या, तुमच्या चार विचारणा आणि अर्धा तास वाचला.

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या संवादाला लेबल लावा. अॅपमध्ये काही तयार असतात, पण आपली करून घ्या: 'माप झालं', 'कापलं', 'ट्रायल', 'तयार', 'पैसे बाकी'. पत्ता, वेळा आणि दर यांची झटपट उत्तरं साठवून ठेवा, दोन अक्षरं टाइप केली की आख्खा मजकूर येतो. पत्त्यात मॅपची पिन पाठवाच, पण सोबत आपल्या भाषेतही लिहा: कुठल्या सिग्नलला वळायचं, खाली कुठलं दुकान आहे, चाळीच्या कुठल्या दारातून आत यायचं. मॅप चाळीच्या मागच्या बाजूला नेऊन सोडतो, हे तुम्हाला माहीत आहे, नव्या बाईला नाही.

जुन्या गिऱ्हाइकांना एकदम निरोप द्यायला ब्रॉडकास्ट लिस्ट करा, ग्रुप नको. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, मग कोणीतरी सकाळी फुलांचे फोटो टाकायला लागतं आणि चांगल्या बायका निघून जातात. एका लिस्टमध्ये २५६ जणी बसतात, तुमच्या जुन्या वहीतल्या नावांसाठी भरपूर. मात्र एक मेख आहे. जिने तुमचा नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह केलाय तिलाच ब्रॉडकास्ट पोचतो. म्हणून कापडाची पावती देताना सांगायचं, 'नंबर सेव्ह करा, तयार झाला की याच नंबरवरून कळवेन.' बाईलाही ते पटतं, कारण गरज तिची आहे. आणि निरोप महिन्यात दोनच. जास्त पाठवले की लोक ब्लॉक करतात, तक्रारी वाढल्या तर नंबरच बंद होऊ शकतो.

स्टेटस मात्र रोज ठेवा. जुलैत हिंदमाताला पाणी भरतं, हे सांगायला मी कशाला हवी! त्या दिवशी सकाळी दहाला स्टेटस: 'आज चौकात पाणी आहे, येऊ नका. आजची डिलिव्हरी उद्या संध्याकाळी.' ज्या बाईला तुम्ही गुडघाभर पाण्यातली फेरी वाचवलीत ती पुढच्या वेळी दुसरीकडे जाणार नाही.

आता इन्स्टाग्रामवर टाकायचं काय. इथे थोडं थांबते, कारण सगळे इथेच घसरतात. तुम्ही सध्या गळ्यांचे फोटो टाकताय. सुंदरच आहेत, पण गळ्यांचे फोटो जगात कोट्यवधी आहेत, आणि त्यातले निम्मे दुसऱ्याकडून उचललेले. (तुमच्या पानावरही दोन-तीन मला तसे वाटले. काढून टाका. उद्या बाई तोच फोटो दाखवून 'तुम्हीच शिवलाय ना, अगदी असाच हवा' म्हणाली की तोंड कुठे लपवणार? आणि दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणं ही ग्राहक कायद्याच्या भाषेत फसवी जाहिरात ठरू शकते.) बाईला टेलर निवडताना गळ्याची काळजी नसते. तिला भीती तीन गोष्टींची: माझं कापड वाया घालवेल, तारखेला देणार नाही, आणि पुढच्या वर्षी अंगाला होणार नाही. तुमचं प्रत्येक रील या तिन्हीपैकी एका भीतीला उत्तर हवं.

उदाहरण देते. चार-पाच वर्षांपूर्वी शिवून नेलेला एखादा ब्लाऊज जुन्या गिऱ्हाइकाकडून मागून घ्या, जो आता दाटतो. टेबलावर उलटा करून ठेवा. कॅमेरा वरून, फक्त हात आणि कापड. बाजूची शिवण दाखवा आणि आत सोडलेली माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, बोटाने मोजा: 'इथे दीड इंच माया आहे. पाच वर्षांपूर्वीच सोडली होती.' उसवणीने टाके उसवा, तो कर्रकर्र आवाज तसाच राहू द्या, वर गाणं नको. खडूने नवी रेघ, मशीनची एक धाव, इस्त्री. शेवटी डमीवर चढवून दाखवा. चाळीस सेकंद. खाली लिहा, 'आमच्याकडे शिवलेला ब्लाऊज उसवून सैल करायला १०० रुपये, कधीही.' असं रील पावणेदोन लाख लोक बघणार नाहीत. दोन हजार बघतील. पण त्यातल्या परळ-शिवडी-नायगावच्या ज्या पन्नासजणी असतील, त्यांच्या कपाटात दाटणारा ब्लाऊज आहेच. आणि जी बाई आज शंभर रुपयांचं अल्टर घेऊन आत आली ती तुमचं काम हातात घेऊन बघते. पुढच्या साडीला तीच येते. अल्टर हे तुमच्या दुकानाचं उघडं दार आहे. बहुतेक टेलर ते कटकट म्हणून बंद ठेवतात, टॉवरमधल्या बायका मात्र नेमकं तेच शोधत असतात.

तसंच दुसरं, तारखेचं. कापडाला सेफ्टीपिनने लावलेली चिठ्ठी, त्यावर नाव नाही, फक्त नंबर आणि तारीख. शनिवारी संध्याकाळी रांगेत टांगलेले बारा ब्लाऊज आणि बाराही चिठ्ठ्यांवर त्याच दिवसाची तारीख. बोलायलाही नको. मापाच्या वहीचं एक रील करा: माप एकदा घेतलं की दहा वर्षं वहीत असतं, पुण्याला गेलेली मुलगी फोनवरून ब्लाऊज सांगते. पैठणीचं काठाचं कापड कापताना कात्री कशी थांबते, मोर दोन्ही बाह्यांवर समोरासमोर कसे आणायचे, हे दाखवा. तुम्हाला रोजचं आहे, बघणारीला नवल आहे.

फोटोंचं एक पथ्य पाळाच. गिऱ्हाइकाच्या अंगावरचा ब्लाऊज, पाठमोरा जरी असला, तरी विचारल्याशिवाय टाकायचा नाही, आणि विचारायचं ते व्हॉट्सअॅपवर, लेखी 'हो' येईल असं. ट्रायलच्या पडद्याजवळ फोन न्यायचाच नाही, बायकांच्या डोळ्यांना ते दिसतं. शक्यतो डमीच वापरा.

प्रोफाइलची दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. नावाच्या जागी, दुकानाच्या नावापुढे, 'ब्लाऊज टेलर, परळ' लिहा, कारण शोधताना नावाचा रकाना बघितला जातो. वरती तीन पोस्ट पिन करता येतात: दर, पत्ता, आणि ते मायेचं रील. हॅशटॅगवर रात्र घालवू नका. लोकेशन मात्र प्रत्येक पोस्टला लावा, 'मुंबई' नको, 'परळ' किंवा 'हिंदमाता'. व्यवसायाच्या खात्यावर बरीचशी चालू गाणी मिळत नाहीत, म्हणून मुलगी खातं वैयक्तिक करून घेऊ म्हणेल. नको. धंद्यासाठी गाणी वापरायला हक्क लागतात, रील गप्प होतं. मशीनचा आवाज पुरेसा आहे. आणि मराठीतच लिहा. तुमच्या गिऱ्हाइकाशी तुम्ही दुकानात ज्या भाषेत बोलता तीच.

आठवड्याला दोन रील पुरे. रोजचं पोस्ट करायला लागलात तर ब्लाऊज कोण शिवणार?

कधी काय टाकायचं, त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तुमची मंदी मला न विचारता सांगता येते: पितृपक्ष, आणि लग्नं नसलेला पौष. पितृपक्षात नवं काही घ्यायचं नाही म्हणून दुकान रिकामं, आणि लगेच नवरात्राच्या नऊ रंगांची झुंबड. म्हणून गणपतीतच, गौरी गेल्या की लगेच, ब्रॉडकास्ट पाठवा: 'नवरात्राच्या रंगांचे ब्लाऊज. कापड आत्ताच घेऊन ठेवा, शिवायला पितृपक्षात टाका, घटस्थापनेच्या दिवशी न्या. या पंधरवड्यात टाकलेल्यांना तारीख पक्की, त्यानंतर आलेल्यांना जागा असेल तर.' नवं नेसणं घटस्थापनेलाच होणार, त्यामुळे सासूबाईंचीही हरकत नसते. मी हा निरोप एका दुकानासाठी तीन वर्षं पाठवतेय. तिथे आता पितृपक्षात सुट्टी घेता येत नाही म्हणून कुरकुर असते. पौषाचं तसंच. संक्रांत पौषातच येते आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. काळ्या साडीवरचा ब्लाऊज हा विषय डिसेंबरच्या मध्यालाच काढा, जानेवारीत काढून उपयोग नाही.

आणि तुळशीच्या लग्नानंतर आणि वैशाखात जाहिरात पूर्ण बंद. तेव्हा स्टेटसवर एवढंच: '१२ तारखेपर्यंतचं काम भरलं आहे.' ही पाटीसुद्धा जाहिरातच असते.

पैसे लावायचेच असतील तर असे लावा. बूस्टचं बटण नको, फोनवर किंवा लॅपटॉपवर अॅड्स मॅनेजर (इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिराती लावायची जागा) उघडा, मुलीला एका दुपारात जमेल. जाहिरातीवर दाबलं की थेट तुमच्या व्हॉट्सअॅपवर संवाद उघडेल असा प्रकार निवडा. जागेसाठी नकाशावर दुकानावर पिन ठेवून तीन किलोमीटरचं वर्तुळ. मोठं करू नका. दहा किलोमीटर केलंत तर पश्चिमेला वरळीपलीकडचा समुद्र आणि पूर्वेला बंदर. माणसं वाढतात ती वांद्रे-कुर्ल्याकडची, जी तुमच्याकडे येणार नाहीत. बायका, पंचवीस ते साठ. दिवसाला २०० रुपये, सात दिवस, फक्त मंदीच्या पंधरवड्यात. १४०० वर १८ टक्के जीएसटी धरून साडेसोळाशेच्या आसपास. त्या आठवड्यात दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या बाईला विचारायचं, 'आमचं कुठून कळलं?' आणि वहीत लिहायचं: मॅप, इन्स्टा, शेजारीण, पाटी. साडेसोळाशेत सहापेक्षा कमी ब्लाऊज आले तर जाहिरात बदला किंवा थांबवा. फोनमधले आकडे, पोच, इम्प्रेशन वगैरे, बघूच नका. माझ्या अनुभवात वहीतल्या त्या रकान्याइतका खरा हिशोब दुसरा कुठला सापडलेला नाही. आणि पैजेवर सांगते, 'शेजारीण' हा रकाना सगळ्यात लांब निघेल.

म्हणून शेजारणीलाच कामाला लावा. टॉवरमधली एखादी जुनी गिऱ्हाईक तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'माझी टेलर' म्हणून तुमचा कॅटलॉग टाकेल का, विचारा. तुम्ही स्वतः अनोळखी ग्रुपात शिरून टाकलंत तर अॅडमिन काढून टाकतो, तिने टाकलं तर दहाजणी विचारतात. हिंदमाताच्या मॅचिंग सेंटरवाल्यांशीही बोला. कापडासोबत तुमचं क्यूआर असलेलं कार्ड पिशवीत गेलं तर बरं.

फसवणुकीचं थोडक्यात, कारण नंबर चारचौघांत गेला की हे येतंच. एक जण फोन करेल, मी सैन्यात अधिकारी, साठ ब्लाऊज हवेत, अॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कोणी दाखवला तर बँकेचा मेसेज बघितल्याशिवाय पिशवी द्यायची नाही. चुकून गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन. इन्स्टाग्रामवर 'कॉपीराइट भंग झाला, खातं बंद होईल, इथे दाबा' असा निरोप आला तर दाबू नका. दोन्ही अॅपना दुहेरी पडताळणी लावा, आणि खात्याचा ईमेल तुमच्या स्वतःच्या नावाचा असू द्या. एका दुकानदाराचं सहा वर्षांचं पान भाच्याच्या ईमेलवर होतं. भाचा परदेशी गेला, पासवर्ड विसरला, पान आजही तसंच पडलंय, जुन्या पत्त्यासकट. गिऱ्हाइकांचे नंबर कागदाच्या वहीतही उतरवा.

राहिला मुलीचा प्रश्न, रिंग लाइट घ्यायचा का. नको. त्या पांढऱ्या उजेडात जरीचा रंग फिकट पडतो आणि ट्यूबलाइटमध्ये राणी रंग जांभळा दिसतो, मग बाई म्हणते फोटोत वेगळा होता. चाळीची गॅलरी पूर्वेला असेल तर सकाळी साडेआठ ते दहा तिथे डमी नेऊन ठेवा. कठड्यावर शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतील तर राहू द्यात, परळ आहे हे त्यानेच कळतं.